कुंडलची जुनी अवजारे : लिलावाच्या ढिगातला इतिहास



लिलाव हा शब्द मूळचा आपला नव्हे. तो पोर्तुगीजांच्या तोंडून कोकणपट्टीत उतरला आणि चावी, पगार, बटाटा या शब्दांबरोबर घाट चढून वर आला. त्याच अर्थाचा हर्रास हा दुसरा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. वस्तू चारचौघांत मांडून, बोली चढवून, 'एक बार, दोन बार, तीन बार' म्हणत विकण्याच्या या रीतीची रूढ झालेली दोन्ही नावे अशी बाहेरची आहेत. या एका गोष्टीवरून मोठा सिद्धान्त काढण्याचा आमचा हेतू नाही. पण कुंडल आणि त्याच्या आसपासच्या गावांत जुन्या घरांचे सामान बोलीने विकले जाते तेव्हा अंगणात पडलेला अवजारांचा ढीग पाहून आमच्या मनात हा विचार येतोच, की या वस्तू मुळी बोलीसाठी घडविलेल्याच नव्हत्या. त्यांना किंमत कधी चिकटली, कोणी चिकटविली आणि आज ती वजनावर का येऊन ठेपली, हाच आजचा आपला विषय आहे.

अशा विक्रीचे आपल्याकडे दोन-तीन प्रकार आहेत. कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमाने होणारा लिलाव हा एक. वारसदार पुष्कळ आणि घर एक, वाटणी करू गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दीड खण यायचा, अशा वेळी घर विकून पैसा वाटून घ्यावा, हा दुसरा. १८९३ च्या वाटणीच्या कायद्याने कोर्टासही अशी विक्री करविण्याची मुभा दिली आहे. पण बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मुले पुण्या-मुंबईस असतात, चैत्र-वैशाखात जत्रेच्या निमित्ताने गावी येतात, भाऊबंद ओसरीवर बसतात आणि आधी घरातल्या घरात बोली होते. तांब्या-पितळेची भांडी बहिणींकडे जातात. सागवानी खांब, तुळया आणि कोरीव दरवाजे जुन्या लाकडाचा व्यापारी घेतो. ते पुढे शहरातल्या एखाद्या हॉटेलात शोभेला उभे राहतात. सगळ्यांत शेवटी उरतो तो गोठ्यातला आणि माळ्यावरचा ढीग. त्यात नांगराचा फाळ असतो, कुळवाची फास असते, मोटेचे चाक असते, एखादा रंधा असतो, दात झिजलेली करवत असते. हा ढीग पाहायला कोणी थांबत नाही. भंगारवाला तराजू घेऊन येतो आणि लोखंड तेवढे उचलतो. लाकूड बंबात जाते.

आम्ही जातो ते या शेवटच्या ढिगासाठी.

मोठ्या घराण्यांचे लिलाव इतिहासात नोंदले गेले आहेत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा वाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले. त्या अपमानाची आठवण महाराष्ट्राने जपून ठेवली. कुणब्याच्या घरावर आलेल्या जप्तीची आठवण मात्र बखरीत येत नाही. ती यायला १८७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. हुकूमनामे आणि त्यांतून होणारी विक्री हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते. पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि तो पुणे, सोलापूर, नगर यांच्याबरोबर आपल्या साताऱ्यासही लागू झाला. कुंडल स्वतः औंध संस्थानात होते, पण शेजारची पुष्कळ गावे इंग्रजी हद्दीत होती. या दुःखाला सरहद्द नव्हती.

या संदर्भात एक कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेचे साठावे कलम सांगते, की ऋणकोची कोणकोणती चीज जप्त करता येत नाही. त्या यादीत कारागिराची हत्यारे आहेत. शेतकऱ्याची अवजारे आहेत आणि त्याच्या निर्वाहाला लागतील तेवढी जनावरे व बियाणेही आहे. म्हणजे सावकाराचा दावा कितीही खरा असला तरी सुताराच्या हातातला वाकस कोर्टाने काढून घेऊ नये, असे कायद्याने मानले. हत्यार ही मालमत्ता असली तरी ती माणसाच्या हाताचाच एक भाग आहे, हे तत्त्व यात आहे. आता गंमत पाहा. जे हत्यार कोर्टाला जप्त करता येत नव्हते तेच आज घरचे लोक आपखुशीने ढिगावर टाकतात. कायद्याने वाचविलेली वस्तू काळाने लिलावात काढली.

असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. जुन्या गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष बारकाईने मांडले आहेत. व्यवहाराची रीत साधारण अशी असे. बाभळीचे लाकूड शेतकऱ्याने आपल्या बांधावरून आणून द्यायचे, लोखंड त्यानेच पुरवायचे, आणि सुताराने नांगर भरून द्यायचा, लोहाराने फाळ पाजवून द्यायचा. मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने. नांगराला वेगळी किंमत अशी नसे. वर्षभराच्या सेवेत तो मिसळलेला असे. त्यामुळे नांगर कितीचा, या प्रश्नाला त्या गावात नीटसे उत्तरच नव्हते. या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. बलुत्यात मानापमान होते, जातीची उतरंड होती, आणि दुष्काळात खळे रिकामे राहिले की बलुतेदाराच्या घरी चूल पेटत नसे. पण अवजाराच्या इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट खरी, की तेव्हा अवजार बाजारात नव्हते. ते दोन घरांमधल्या संबंधात होते.

म्हणूनच या अवजारांवर नाव सापडत नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत मोठी. लग्नात मामाने दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीखही असते. विलायतेत सुतार आपल्या रंध्याच्या टोकावर नावाचा ठसा मारी. पुढचा मालक त्याच्याशेजारी आपला ठसा मारी, आणि असा एखादा रंधा तिकडच्या लिलावात निघाला की त्यावर दोन-तीन मालकांची परंपरा वाचता येते. आमच्या सुताराने नाव कोरले नाही. कोरण्याची गरजच काय होती? गावात सुताराचे घर एक नाही तर दोन, आणि प्रत्येकाची कऱ्हाड-पलूसच्या बाजारातही ओळखू येणारी धाटणी ठरलेली. नाव हाताला होते, लाकडाला नव्हते. आज तो हात गेला आणि लाकूड निनावी झाले.

या निनावी जगात नावाचे पहिले लोखंड आले ते आपल्या कुंडलच्याच शेजारी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने धंद्यास आरंभ केला. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या नव्या वस्तीसाठी त्यांची जागा मागितली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. पुढे स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. ही कथा आपणा सर्वांना पाठ आहे. तिच्यातला एक भाग मात्र पुन्हा तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. पहिल्या लोखंडी नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे सांगतात. शेतकरी अडाणी, एवढ्यावर ही गोष्ट सहसा संपते.

ढिगातला जुना लाकडी नांगर आणि त्याच्या शेजारी पडलेला बिडाचा नांगर ही दोन्ही हाताळून पाहिली म्हणजे या गोष्टीला दुसरी बाजू दिसते. लाकडी नांगराचा दांडा मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुसरा बसवून देई. फाळ बोथटला तर लोहार भट्टीत घालून, ठोकून, पाजवून देई. बीड मात्र ठोकता येत नाही. ते ठोकले की तडकते. म्हणजे लोखंडी नांगर घेणे म्हणजे आधी रोख पैसा मोजणे आणि नंतर दुरुस्तीसाठी गावाबाहेरच्या कारखान्यावर विसंबणे. ज्याच्या हाती सुगीखेरीज रोकड येत नाही त्या माणसाने दोन वर्षे विचार केला, तर ते सगळेच अज्ञान होते असे आम्ही म्हणणार नाही. पुढे हाच शेतकरी त्या नांगरासाठी रांगेने आला, कारण त्याने गुण पाहिला. काळ्या रानात खोल रुतलेली हरळी आणि कुंदा काढायला लाकडी नांगराला बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत, आणि तो माती नुसती फोडी. लोखंडी नांगर माती उलथून टाकी, हरळीच्या मुळ्या उन्हात पडून वाळून जात. शिवाय झिजलेला फाळ काढून नवा बसविण्याची सोय होती. सुटा भाग पेठेत विकत मिळू लागला आणि अवजाराला पहिल्यांदा छापील किंमत आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी गडावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, असे आपल्याकडे सांगतात. तोफ गेली आणि नांगर आला, याचे कोणाला वाईट वाटले नाही, वाटूही नये. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण जुने लोखंड वितळविणे हे पाप आहे असा आमचा मुळीच समज नाही. लोहाराने कधीच लोखंड वाया घालविले नाही. झिजलेल्या फाळाची कुदळ झाली, कुदळीचे खुरपे झाले, खुरप्याचा खिळा झाला. आज आपण ज्याला जुने खुरपे म्हणून हातात घेतो ते कदाचित कोणाच्या पणज्याच्या फाळाचा शेवटचा तुकडा असेल.

आणि इथेच ढीग पाहणाऱ्याने लक्षात ठेवण्याची पहिली खूण आहे. चालत्या धंद्यात जुने हत्यार पूर्ण स्थितीत उरत नाही. ते झिजते, बदलते, दुसरे काही होते. त्यामुळे एखाद्या घरातून वाकस, पटाशी, किंकरे, रंधा, करवत, सामता असा सुताराचा सगळा संच जसाच्या तसा निघाला, तर तो संच म्हणजे त्या घरातला धंदा एकाएकी थांबल्याचा पुरावा होय. हत्यारे झिजून संपण्याआधी त्यांचे काम संपले. संच जितका पुरा, शेवट तितका अचानक. मोटेचेही तसेच. ज्या विहिरीवर पंप बसला त्या विहिरीवरची मोट, नाडा, सोंदूर आणि चाक एका हंगामात निकामी झाली. किर्लोस्करांच्या कारखान्यात पंप होऊ लागले ते १९२६ च्या सुमारास. पुढे तेलावरची इंजिने आली, नंतर वीज आली, आणि कृष्णाकाठच्या उसाने मोटेची धावच नांगरून टाकली. बैलांच्या लाकडी चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतली, लोखंडी चरकाची साखर कारखान्याने. नांगराला ट्रॅक्टर आला. प्रत्येक वेळी माळ्यावर एक थर चढला. ढीग वरून खाली उपसत गेले की हे थर उलट्या क्रमाने लागतात.

दुसरी खूण झिजेची. रुमण्यावर जिथे मूठ बसते तिथे लाकूड काचेसारखे गुळगुळीत झालेले असते. त्या जागेची उंची पाहिली की चालविणारा ठेंगणा होता की उंच, एवढे समजते. खुरप्याच्या पात्याची एकच बाजू अधिक खाल्लेली असली तर ते उजव्या हातातले की डाव्या, हे समजते. आणि खुरपी बहुतकरून बायकांच्या हातात असत, म्हणून ज्या घराच्या कागदपत्रांत बायकांचे नावही नाही त्या घरातल्या बायकांनी किती भांगलण केली याची नोंद त्या पात्यावर सापडते. तिसरी खूण दुरुस्तीची. पत्र्याची पट्टी, दोन रिव्हेट, वेगळ्या लाकडाचा जोड, तारेची गुंडाळी. नवी वस्तू घ्यायला पैसा नव्हता ते वर्ष कोणते, हे अशा पट्टीवरून सांगता येत नाही. पण असे वर्ष येऊन गेले, हे निश्चित कळते. चौथी खूण अक्षरांची. बिडाच्या वस्तूवर ओतीव अक्षरे असतात. गंज तारेच्या ब्रशाने खरडू नये. कोरड्या फडक्याने पुसावे आणि तिरप्या उन्हात धरावे, अक्षरे आपोआप उठून दिसतात.

पाचवी खूण मात्र वस्तूवर नसते, ती माणसाच्या तोंडी असते, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची. तिफण हातात घेऊन कोणा म्हाताऱ्याला विचारावे. तो सांगेल, हे दिंड, हे फण, या नळ्या, हे चाडे. नांगराकडे बोट दाखवावे, तो म्हणेल हळस, रुमणे, फाळ, वसू. जुवाजवळ जावे, शिवळा आणि जुपण्या यांची नावे येतील. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत असे शब्द शेकड्यांनी आहेत, पण शब्द कोशात असणे वेगळे आणि वस्तूवर बोट ठेवून बोलला जाणे वेगळे. बोट ठेवणारा माणूस गेला म्हणजे वस्तू मुकी होते आणि शब्द आंधळा होतो. लिलावाच्या दिवशी ती दोन्ही अजून एकाच अंगणात असतात. संध्याकाळी वस्तू भंगाराच्या टेम्पोत आणि म्हातारा आपल्या खाटेवर, अशी कायमची ताटातूट होते. म्हणून आमचा स्वतःपुरता नियम असा आहे : बोली लावण्याआधी नाव विचारायचे. नाव मिळाले नाही तर वस्तू अर्धीच मिळाली असे समजायचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांनी ही अवजारे चालविली ते म्हणतात, तुम्हांला यात मौज वाटते, आमची यात कंबर मोडली. पहाटे मोटेच्या मागे पुढे चालताना पायांना पडलेल्या भेगा आम्हांला आठवतात, आमच्या नातवाला त्या नकोत. हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. दिवाणखान्यात मोटेचे चाक टांगून त्यावर दिवे लावणाऱ्या हौशीपेक्षा ते चाक भंगारात देणारा अधिक प्रामाणिक असतो. पण विसरणे आणि सुटका होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कष्टातून सुटलेल्या माणसाचे कष्टही कोठे तरी लिहिलेले राहिले पाहिजेत. नाही तर पुढच्या पिढीला वाटेल की ऊस आपोआप उगवला. खंडेनवमीला आपण शस्त्रांबरोबर अवजारांनाही फुले वाहतो, त्याचा अर्थ एवढाच, की जे हातात होते त्याची ओळख ठेवावी.

एकटा माणूस काय करू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे अशा घरगुती वस्तू जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून गोळा करण्यास आरंभ केला. १९६० पर्यंत त्यांच्यापाशी पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते सरकारच्या हवाली केले. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमजवळ स्कान्सेन येथे जुनी घरेच्या घरे, आतल्या अवजारांसह, आणून उभी केली. आपल्या औंधच्या राजांनी १९३८ साली भवानी संग्रहालय उघडले आणि तिथे जगातली उत्तमोत्तम चित्रे व शिल्पे आणून ठेवली. त्याच राजाने ज्या माळावर नांगराचा कारखाना वसविला, त्या माळाशेजारच्या कुंडलात नांगरासाठी एक खोली असावी, ही अपेक्षा मोठी नाही.

कुंडलला इतिहासाची वाण नाही. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचे हे एक मुख्य ठाणे होते. तुफान सेनेचे तरुण इथे तयार झाले, जी. डी. बापू लाडांचे हे गाव, आणि त्या काळी न्यायदान मंडळांपुढे कर्जाचे आणि जमिनीचे तंटे गावातच तुटत. हा इतिहास आपण भाषणांतून आणि स्मारकांतून जपतो, आणि तो जपलाच पाहिजे. पण त्या तरुणांना भाकरी पुरविणाऱ्या घरांतली खुरपी, त्यांच्या बैलांची जुवे, त्यांच्या विहिरींवरची चाके हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. रेल्वे अडविणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. त्या दिवशी रानात नांगर धरलेल्याचे नाव कोणी विचारीत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. शाळेची एक खोली घ्यावी. ज्या घरी विक्री ठरली असेल त्या घरी दोन मुलांनी आदल्या दिवशी जावे आणि प्रत्येक अवजाराची एक चिठ्ठी लिहावी. वस्तूचे नाव, भागांची नावे, कोणी घडविली, कोण चालवीत असे, शेवटची कधी वापरली. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीखही त्यावर असावी. घरच्यांनी वस्तू दिली तर ती खोलीत ठेवावी. नाही दिली तरी हरकत नाही, चिठ्ठी ठेवावी. यासाठी लागणारा पैसा नगण्य आहे. लागतो तो वेळ, आणि तोही थोडा उरला आहे, कारण ज्यांना चाड्यावर मूठ धरता येत होती ती माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. भंगारवाल्याच्या तराजूत लोखंडाचे वजन बरोबर होते, त्याबद्दल त्याच्याशी भांडण नाही. त्याच्या काट्यावर न चढणारे जे काही आहे, ते मोजण्याचे काम आपले आहे, आणि ते विक्रीच्या आदल्या दिवशीच करता येते. दुसऱ्या दिवशी येत नाही.